गोलंदाजाचे घड्याळ पायात असते

फलंदाजाच्या ‘टायमिंग’विषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. फारसा जोर न लावता चेंडू सीमेपार गेला की “काय टायमिंग आहे!” असे उद्गार आपोआप निघतात. गोलंदाजाच्या बाबतीत मात्र हा शब्द सहसा कोणी वापरीत नाही. त्याला सांगण्यात येते ते एवढेच : “जोरात टाक”, “खांद्यातून ताकद लाव”, आणि चेंडू आखूड पडला तर “थोडा लवकर सोड”. आमच्या मानकोलीत आणि भिवंडीच्या आसपासच्या गावांत भात कापून झाले की मोकळ्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात. जेथे अजून गोदामे उभी राहिलेली नाहीत तेथे तरी होतात. मग पावसाळ्यापर्यंत ही तीन वाक्ये रोज कानांवर पडत राहतात. शाळांच्या मैदानांवरही काही वेगळे ऐकू येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ही तिन्ही वाक्ये पदार्थविज्ञानाच्या कसोटीला उतरत नाहीत. पहिली दोन तर वाढत्या वयाच्या मुलामुलींना अपायकारकही ठरू शकतात. गोलंदाजीत जे सुधारता येते ते हाताच्या ताकदीत नसून वेळेत आहे. आणि ती वेळही चेंडू सोडण्याच्या क्षणी सुधारता येत नाही, त्याच्या आधी सुधारावी लागते. हे कसे, ते थोडे आकडे मांडून पाहू या. आकडे नववी-दहावीच्या गणिताच्या पलीकडचे नाहीत.

समजा, दहावीतला एक मुलगा ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने चेंडू टाकतो. त्यातले सेकंदाला सुमारे ५ मीटर त्याच्या पुढे जाणाऱ्या शरीराचे आणि उरलेले २० मीटर फिरणाऱ्या हाताचे, असे ढोबळ मानाने धरू. खांद्यापासून चेंडूपर्यंतचे अंतर ७० सेंटीमीटर धरले, तर चेंडू सुटताना हात सेकंदाला १६०० अंशांहून अधिक वेगाने फिरत असतो. याचा अर्थ, एका सेकंदाच्या हजाराव्या भागात हात दीड अंशापेक्षा जास्त सरकतो. शरीराचा वेग त्यात मिसळलेला असल्यामुळे चेंडूची दिशा तेवढ्या वेळात सुमारे सव्वा अंशाने बदलते.

सव्वा अंश म्हणजे काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. आता पुढचे गणित करा. चेंडू जमिनीपासून २ मीटर उंचीवरून, क्षितिजसमांतर रेषेच्या ३ अंश खाली सुटला, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास तो सुमारे १३ मीटरवर टप्पा घेतो. हा टप्पा फलंदाजाच्या यष्ट्यांपासून सहा मीटरच्या आसपास येतो, म्हणजे चांगल्या लांबीवर पडलेला चेंडू. आता तोच चेंडू सेकंदाचा फक्त एक हजारांश भाग उशिरा सोडा. तो एक मीटरहून अधिक आखूड पडेल. एक हजारांश लवकर सोडा, सव्वा मीटर पुढे पडेल. तीन-चार हजारांश लवकर सुटला की तो थेट फलंदाजाच्या पायाशी, यॉर्करच्या जागी जातो, आणि त्याहून लवकर सुटला की फुलटॉस होतो. ज्या चेंडूवर त्रिफळा उडतो आणि ज्यावर षटकार बसतो, त्या दोहोंमधला फरक डोळ्याची पापणी लवण्याच्या वेळेपेक्षाही कितीतरी लहान आहे.

आता त्या तिसऱ्या वाक्याकडे पाहा : “थोडा लवकर सोड.” मेंदूतून निघालेली आज्ञा बोटांपर्यंत पोचायलाच सेकंदाचे वीसेक हजारांश लागतात. एखादी गोष्ट जाणवून, तिच्यावर विचार होऊन मुद्दाम हालचाल करायची तर दीडशे ते दोनशे हजारांश हवेत. उलट, पुढचा पाय जमिनीवर टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत गोलंदाजाजवळ एकूण शंभरेक हजारांश, म्हणजे सेकंदाचा एक दशांश भाग असतो. म्हणजे पुढचा पाय टेकल्यावर विचारपूर्वक दुरुस्ती करायला सवडच उरत नाही. तेथून पुढे जे घडते ते आधीच ठरलेले असते. त्या मुलाला “एक हजारांश सेकंद लवकर सोड” असे सांगणे म्हणजे पाटीवरून निघालेल्या सुईला वाटेत वळायला सांगण्यासारखे आहे.

आमच्या भिवंडीतील विद्यार्थ्यांना हे समजावून देण्यास यंत्रमागासारखे दुसरे उदाहरण नाही. जुन्या धाटणीच्या मागावर ताण्याचे धागे वर-खाली होऊन मध्ये वाट उघडते, फटका बसलेला धोटा त्या वाटेने पलीकडे जातो, आणि मग फणी पुढे येऊन बाण्याचा धागा ठोकून बसवते. मिनिटाला शंभर-दीडशे वेळा हे घडत असते. धोटा वाटेत अडकू लागला, धागे तुटू लागले, तर जाणता जॉबर धावत्या धोट्याला काही शिकवायला जात नाही. तो खाली वाकतो आणि धोट्याला फटका देणारे टॅपेट कोणत्या क्षणी वर येते ते पाहतो. दोष वर दिसतो, पण वेळ बांधलेली असते खाली. गोलंदाजाचेही तसेच आहे. चेंडूची वेळ बोटांत चुकलेली दिसते, पण ती बांधली जाते धावण्यात, उडीत आणि पुढचा पाय टेकण्यात.

हे नेमके कसे घडते? एसटीने उभ्याने प्रवास करताना मानकोली नाक्यावर चालकाने अचानक ब्रेक दाबला, तर तुमचे पाय गाडीबरोबर थांबतात आणि डोके-छाती पुढे झेपावते. जडत्वाचा हा पाठ्यपुस्तकी नमुना आहे. वेगवान गोलंदाज जाणूनबुजून हेच करतो. धावत आल्यामुळे त्याच्या सबंध शरीराला वेग मिळालेला असतो. पुढचा पाय ताठ राहून जमिनीवर टेकतो, तेव्हा शरीराचा खालचा भाग थांबतो आणि वरचा भाग त्या पायाच्या टेकूवरून पुढे फेकला जातो. मग धड मंदावते आणि हात पुढे जातो. हात अखेरच्या टप्प्यात येतो आणि मनगट-बोटे पुढे जातात. बैल हाकणाऱ्याचा आसूड असाच वाजतो : मुठीजवळचा जाड भाग थांबत जातो आणि टोकाचा बारीक भाग वेग घेतो. प्रत्येक टप्प्याचा वेग आधीच्या टप्प्याच्या वेगात मिळवायचा असतो. मिळवणी व्हायची तर पुढचा टप्पा योग्य क्षणीच सुरू झाला पाहिजे. झोपाळ्याला धक्का देण्याची ताकद कितीही असली, तरी झोपाळा अंगावर येत असताना दिलेला धक्का वायाच जातो, तसेच हे आहे.

नवशिके गोलंदाज येथेच घोटाळा करतात. “जोरात टाक” हे ऐकून ते हात लवकर फिरवायला सुरुवात करतात. पुढचा पाय टेकतो तोवर हात डोक्याजवळ येऊन पोचलेला असतो, आणि धड पुढे झेपावण्याच्या आधीच चेंडू सुटून जातो. येथेही एक साधे गणित आहे. पाय टेकल्यानंतरच्या एक दशांश सेकंदात हाताचा सरासरी वेग सेकंदाला १२०० अंश धरला, तर तेवढ्या वेळात हात १२० अंश फिरतो. चेंडू हात जवळजवळ उभा असताना सुटतो. म्हणजे पुढचा पाय टेकण्याच्या क्षणी हात मागच्या बाजूला, खांद्याच्या पातळीच्याही थोडा खाली असायला हवा. हात मागे राहिलेला पाहून शिकवणारे घाबरतात आणि “हात आण, हात आण” म्हणून ओरडतात. वास्तविक तो मागे राहणे हाच वेगाचा ठेवा आहे.

हे माझे एकट्याचे अनुमान नव्हे. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी २० अव्वल वेगवान गोलंदाजांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. चेंडूच्या वेगात गोलंदाजागणिक जो फरक पडतो, त्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश फरक चार गोष्टींनी समजावून देता आला : धावण्याचा वेग, पुढच्या पायाचा गुडघा सरळ राहणे, चेंडू सुटेपर्यंत धड पुढे झुकणे आणि हात फिरवायला उशिरा सुरुवात होणे. दंडाचा घेर किंवा खांद्याची ताकद या यादीत नाही.

आपल्याकडच्या मैदानांनी हे पूर्वीच दाखवून दिलेले आहे. मुंबईचे रमाकांत देसाई साडेपाच फुटांच्याही आतले, अंगाने किरकोळ. ‘टायनी’ हे त्यांचे टोपणनाव त्यावरूनच पडले. तरीही ते भारताकडून २८ कसोटी सामने खेळले आणि ७४ बळी त्यांनी मिळवले, तेही बहुतेक वेळा गोलंदाजीची सुरुवात करून. वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाच्या हाती नवा चेंडू देणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी देसाईंची आठवण ठेवलेली बरी.

धावण्याविषयी मात्र थोडे सांभाळून बोलले पाहिजे. धाव जितकी लांब आणि जोराची तितके चांगले, असा अर्थ वरच्या अभ्यासातून काढू नये. आलेला वेग पुढच्या पायाला पेलला पाहिजे. गुडघा दुमडला, तर धावून मिळवलेली गतिज ऊर्जा मांडीचे स्नायू गिळून टाकतात आणि हातापर्यंत ती पोचतच नाही. श्रीरामपूरचा झहीर खान २००६ साली इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला. त्याच सुमारास त्याने आपली धाव आखूड केली. त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा सरस ठरला, आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन तो सर्वाधिक बळी मिळवणाऱ्यांच्या बरोबरीत राहिला. यात धावेचा वाटा किती आणि अनुभवाचा किती, हे तोलून सांगता येणार नाही. पण लांब धाव म्हणजे वेग, या समजुतीला त्याचे उदाहरण पुरेसा धक्का देते. जसप्रीत बुमराची अडखळल्यासारखी वाटणारी छोटी धाव तर तुम्ही सर्वांनी पाहिलेलीच आहे. त्याचा पुढचा पाय टेकतानाचे चित्र पडद्यावर थांबवून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

वेगाच्या मोहात अचूकपणाकडे दुर्लक्ष होते, म्हणून आता आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींकडे वळू. आमच्या दारावरून जाणारा महामार्ग नाशिकलाच जातो. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, इंग्लंडविरुद्ध नाडकर्णींनी एका डावात ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती आणि एकूण धावा गेल्या अवघ्या ५. सलग २१ षटके निर्धाव पडली, सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकीत, असे सांगतात. ते संथ गतीचे डावरे गोलंदाज. पण संथ चेंडूलाही वेळेची सवलत फारशी मिळत नाही. सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेंडूसाठी वरच्यासारखाच हिशेब केला, तर एक हजारांश सेकंदाच्या चुकीला टप्पा ८० सेंटीमीटरच्या आसपास सरकतो. म्हणजे टप्पा एखाद्या मीटरच्या पट्ट्यात ठेवायचा, तर बोटांना सेकंदाच्या हजारांशाच्या घरात अचूक राहावे लागते, आणि तेही शेकडो वेळा. हे बोटांच्या मनावर घेण्याने होत नाही. धाव, उडी, पाय आणि खांदा दर वेळी तीच चाल त्याच क्रमाने करतात, तेव्हा बोटांपुढे दुसरा पर्यायच राहत नाही.

उलट बाजूने, वेळ चुकलेला मुलगा ताकदीवर भर देऊ लागला की काय होते? एक तर तो कोपर वाकवून सरळ करू लागतो, कारण झटपट वेग मिळवायचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यालाच आपण फेकी गोलंदाजी म्हणतो. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, हा आंतरराष्ट्रीय नियम २००५ पासून सर्व गोलंदाजांना लागू आहे. गावच्या सामन्यात तो कोण मोजणार! दुसरे अधिक गंभीर आहे. पुढचा पाय टेकताना जमिनीकडून मिळणारा प्रतिक्रिया-बल शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट असू शकतो. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशी पिळलेली शरीरस्थिती असताना हा आघात पुन्हापुन्हा मणक्यावर आला, तर कमरेच्या मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. पंधरा ते वीस वयाच्या वेगवान गोलंदाजांत ही दुखापत जगभर आढळते. खुद्द बुमराला २०१९ मध्ये कमरेच्या अशाच तड्यामुळे बाहेर बसावे लागले आणि २०२३ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तेव्हा चेंडू टाकण्याच्या हाताच्या विरुद्ध बाजूला कमरेत दुखू लागले, तर “जोर कमी पडतोय, अजून चार षटके टाक” असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका. खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आता शिक्षकांसाठी. आपल्या शाळांत पदार्थविज्ञानाच्या तासाला लंबकाचा आवर्तकाल मोजला जातो. तो प्रयोग चांगलाच आहे. पण तेच विद्यार्थी तास संपल्यावर मैदानात जाऊन हजारांश सेकंदांचा खेळ खेळतात आणि तेथे मोजमाप करावे असे कोणाला सुचत नाही. प्रयोगशाळा आणि मैदान यांच्यातली ही भिंत पाडली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. साधने घरोघरी आहेत. अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेणारे मंदगती चित्रीकरण होते. म्हणजे दोन चित्रांत सेकंदाच्या चार हजारांशांचे अंतर. शाळेत मोबाइलला बंदी आहे हे मला ठाऊक आहे. पण शिक्षकांच्या देखरेखीखाली एक मोबाइल, एक तास, एवढी मुभा प्रयोगासाठी देता येईल.

मोबाइल गोलंदाजाच्या बाजूला, दहा-बारा मीटर दूर, कमरेच्या उंचीवर विटांच्या थरावर स्थिर ठेवा. प्रत्येक चेंडूची तीन निरीक्षणे घ्या : मागचा पाय टेकल्यापासून पुढचा पाय टेकेपर्यंत किती चित्रे, पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत किती चित्रे, आणि पुढचा पाय टेकला त्या चित्रात हात कोठे होता. चौथे निरीक्षण मोजपट्टीने घ्यायचे आहे. टप्प्याच्या पट्ट्यात फक्की पसरा, म्हणजे चेंडूचा ठसा उमटेल. मग त्याचे यष्ट्यांपासूनचे अंतर मोजा. असे बारा चेंडू टाका.

यातली गंमत अशी की, चेंडू सुटण्याच्या वेळेतला एक हजारांशाचा फरक मोबाइलला दिसणारच नाही. त्याच्या दोन चित्रांमधले अंतरच चौपट आहे. पण मोजपट्टीला तो दिसेल. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे त्या वेगाला एक हजारांश म्हणजे टप्प्यात एक ते सव्वा मीटर. बारा चेंडूंचे टप्पे चार मीटरच्या पट्ट्यात विखुरले असतील, तर सुटण्याची वेळ साधारण तीन-चार हजारांशांत हलते आहे. चेंडूचा वेगही थोडाफार बदलत असतो आणि त्यामुळेही टप्पा सरकतो, म्हणून हा आकडा फार तर इतका असे समजा. दोन रुपयांच्या फक्कीने आणि शिवणकामाच्या फितीने सेकंदाचा हजारावा भाग मोजता येतो, हे एकदा मुलांच्या लक्षात आले की मापनाच्या धड्याविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

त्यानंतर सुधारणा, आणि एका वेळी एकच. पहिल्या दिवशी फक्त धाव पावलांनी मोजून तिची खूण पक्की करा आणि पुन्हा बारा चेंडू टाका. दुसऱ्या दिवशी फक्त हात उशिरा फिरवायला सुरुवात करून पाहा. वेग वाढवायचा प्रयत्न मुळीच करू नका. तिसऱ्या दिवशी समोरचा हात खाली ओढण्याकडे लक्ष द्या. सगळे एकदम बदलले, तर कशामुळे काय झाले हे कधीच कळणार नाही, आणि नेमकी हीच चूक बहुतेक प्रशिक्षण-शिबिरांत होताना दिसते. मुलींच्या शाळांनी तर हा प्रयोग अवश्य करावा. ताकदीच्या गप्पांनी त्यांना या खेळापासून फार काळ दूर ठेवले आहे आणि येथे मोजायची आहे ती वेळ.

आमच्या भागात एक आणखी प्रश्न आहे. सामने बहुतेक टेनिसच्या चेंडूने होतात. त्याचे वजन ५८ ग्रॅमच्या आसपास, तर चामड्याचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. हलक्या चेंडूने वाढलेला मुलगा तालुक्याच्या संघात जातो आणि जड चेंडू हातात घेतो, तेव्हा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंतची त्याची वेळ बदलते का, आणि बदलली तर किती दिवसांत ती पुन्हा स्थिर होते? दोन्ही चेंडू घेऊन बारा-बारा चेंडूंच्या नोंदी करणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. तुमच्याकडे असे तक्ते तयार झाले, तर विज्ञानशिक्षकांची सही घेऊन मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. चेंडूचा प्रकार, गोलंदाजाचे वय आणि धावेची पावले लिहायला मात्र विसरू नका.